ज्ञानकोशलेखनाची शाळा

गेल्या कांहीं वर्षांत आमच्या महाविद्यालयांतून एक नवी चाल पडत चालली आहे. मराठी भाषा पंधरवडा किंवा भाषेचा गौरवदिन जवळ आला कीं संगणकाच्या दालनांत पन्नास-साठ विद्यार्थी बसवावयाचे, विकिपीडिया नामक सार्वजनिक ज्ञानकोशांत प्रत्येकाचें खातें उघडून द्यावयाचें, आणि सायंकाळपर्यंत प्रत्येकानें एक तरी लेख सिद्ध करावा अशी आज्ञा करावयाची. सायंकाळीं लेखांची संख्या जाहीर होते, पाहुण्यांस शाल व नारळ अर्पण होतो, छायाचित्र निघतें, आणि कार्यक्रमाचा अहवाल वरिष्ठांकडे रवाना होतो. त्या लेखांचें पुढें काय झालें, हें मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं.

या उपक्रमाचा हेतु स्तुत्य आहे, हें आम्ही आरंभींच सांगतों. ज्या भाषेंत आपण बोलतों, भांडतों व गाणीं म्हणतों, त्याच भाषेंत भूमिति, रोगनिदान, अर्थशास्त्र व परदेशांतील वाङ्मय यांविषयींची माहितीही सांपडली पाहिजे. आणि ती लिहिण्यास तरुणांनीं हात लावावा, याहून चांगली गोष्ट कोणती? परंतु हेतु चांगला असला म्हणजे रीत चांगली असतेच असें नाहीं. विद्यार्थ्यांस ज्ञानकोशांत लिहावयास लावण्याची जी रीत आपण पत्करली आहे, तिची परीक्षा करण्याचें या लेखांत योजिलें आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, ज्ञानकोशांत लिहावयास शिकविणें म्हणजे प्रथम वाचावयास शिकविणें होय. आणि आपण नेमकी हीच पायरी गाळून विद्यार्थ्यास एकदम वरच्या मजल्यावर चढवूं पाहतों.

ज्या कुटुंबांत हा कोश रोज उघडला जातो, तेथेंही तो घडतो कसा, याची कल्पना थोड्यांसच असते. २००० सालीं अमेरिकेंत 'न्यूपीडिया' या नांवाचा एक कोश निघाला होता. तज्ज्ञांनीं लेख लिहावे आणि ते तपासणीच्या सात पायऱ्यांतून जावे, अशी त्याची योजना होती. ती इतकी कडक होती कीं, २००३ सालीं तो कोश बंद पडला तेव्हां पुरे झालेले लेख पंचवीसच्या आसपास होते. त्याला पूरक म्हणून जिमी वेल्स व लॅरी सँगर यांनीं १५ जानेवारी २००१ रोजीं विकिपीडिया सुरू केला. त्यांत कोणीही लिहावें व कोणीही दुरुस्त करावें, अशी मोकळीक होती. पूरक म्हणून जन्मलेल्या कोशानें मूळ कोश केव्हांच मागें टाकला. २००३ सालीं त्याची मराठी आवृत्ति निघाली. आज तींत सुमारें एक लाख लेख आहेत, मात्र त्यांपैकीं पुष्कळसे दोन-चार ओळींचे आहेत. प्रत्येक लेखाच्या पाठीमागें त्याचा 'इतिहास' असतो; कोणी, केव्हां, कोणता शब्द बदलला, हें तेथें पाहावयास मिळतें. प्रत्येक लेखास 'चर्चा' नांवाचें एक पान जोडलेलें असतें. मतभेद झाल्यास वाद तेथें चालतो. सर्वांच्या बोलण्यासाठीं एक सामायिक 'चावडी' आहे, आणि नवशिक्यानें हात बसविण्यासाठीं 'धूळपाटी' आहे. हीं नांवें ज्या कोणी मराठी माणसांनीं योजिलीं, त्यांस भाषेची उत्तम जाण होती, असेंच म्हटलें पाहिजे.

या कोशाची आमच्या जुन्या कोशांशीं तुलना केली असतां एक गोष्ट ध्यानांत येते. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनीं 'महाराष्ट्रीय ज्ञानकोशा'चे तेवीस विभाग सिद्ध केले, त्या वेळीं मजकूर कोणीही आणून दिलेला असो, छापखान्यांत जाण्यापूर्वीं तो संपादकांच्या नजरेखालून जाई. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखालीं आरंभिलेल्या 'मराठी विश्वकोशा'चा पहिला खंड १९७६ सालीं बाहेर पडला. त्यापूर्वींचीं कित्येक वर्षें लेख मागविणें, तपासणें, परिभाषा ठरविणें व भाषा सारखी करणें यांत गेलीं. दोन्ही ठिकाणीं दारांत राखणदार उभा होता. सार्वजनिक कोशाचें दार सताड उघडें आहे. तेथें तपासणी होतच नाहीं असें नाहीं. पण ती मजकूर आंत आल्यावर होते, आणि ती करणारे लोक बिनपगारी, बहुधा आपापला दिवसाचा उद्योग आटोपून रात्रीं बसणारे असतात. म्हणून संपादकाच्या अंगीं पूर्वीं जो चौकसपणा, जी चिकाटी व जी तटस्थता लागे, ती आतां लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या अंगीं असावी लागते. विद्यार्थ्यास या कोशांत लिहूं द्यावयाचें, म्हणजे त्याला थोडा वेळ तरी केतकरांच्या खुर्चींत बसवावयाचें. मग त्या खुर्चीची तयारी करून घेणें हें शिक्षकाचें काम नव्हे काय?

कोशाच्या मजकुराविषयींचे मुख्य नियम तीन आहेत. लिहिलेली गोष्ट विश्वसनीय व प्रसिद्ध झालेल्या आधारावर पडताळून पाहतां आली पाहिजे. जेथें मतभेद असेल तेथें महत्त्वाचीं सर्व मतें ज्याच्या त्याच्या वजनाप्रमाणें मांडलीं पाहिजेत. आणि लेखकानें स्वतःचा नवा शोध वा सिद्धान्त त्यांत घुसडूं नये. नियम दिसावयास साधे. पण आमच्या विद्यार्थ्यांचें सारें शिक्षण या तिन्हींच्या उलट दिशेनें झालेलें असतें. उत्तरपत्रिकेंत वाक्याचा आधार कोणी मागत नाहीं. पाठ्यपुस्तकांतील वा गाईडांतील वाक्य जितकें जसेंच्या तसें उतरेल, तितके गुण अधिक. वक्तृत्वाच्या स्पर्धेंत एक बाजू घेऊन दुसरी पाडावयाची असते. तेथें तटस्थता म्हणजे दुबळेपणा. निबंधांत स्वतःचे विचार मागितले जातात, आणि विचार नसल्यास भावना चालतात. उत्तरपत्रिका, वक्तृत्व व निबंध या तीन तालमींत तयार झालेला मुलगा कोशाच्या आखाड्यांत उतरतो, तेव्हां त्याचा प्रत्येक डाव चुकतो, यांत नवल काय?

हें केवळ आमचें अनुमान नव्हे. २०११ सालीं खुद्द पुण्यांत या गोष्टीची मोठी परीक्षा झाली. विकिपीडियाचा व्याप सांभाळणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशन या संस्थेनें त्या वर्षीं पुण्यांतील कांहीं महाविद्यालयांत एक शैक्षणिक उपक्रम चालविला. शेंकडों विद्यार्थ्यांनीं आपल्या अभ्यासक्रमांतील विषयांवर इंग्रजी विकिपीडियांत लिहावें, अशी योजना होती. विद्यार्थी हुशार होते; अभियांत्रिकी व अर्थशास्त्र यांसारखे विषय ते शिकत होते. परंतु थोड्याच अवधींत कोशाच्या स्वयंसेवकांस दिसून आलें कीं, येणाऱ्या मजकुराचा मोठा भाग पुस्तकांतून व संकेतस्थळांवरून जसाच्या तसा उचललेला आहे. एक उतारा काढून टाकावा, तों दुसरे चार येऊन पडत. उपकार करावयास निघालेला वर्ग अशा रीतीनें कोशास भार होऊन बसला, आणि वर्षअखेरीस तो उपक्रम आवरता घ्यावा लागला. फाउंडेशननें पुढें बाहेरच्या परीक्षकाकडून या प्रकरणाची पाहणी करविली व तिचा वृत्तांत प्रसिद्ध केला, ही गोष्ट तिला भूषणावह आहे. विद्यार्थी फार व मार्गदर्शक थोडे. त्या मार्गदर्शकांपैकींही पुष्कळांस कोशांत लिहिण्याचा स्वतःचा सराव नाहीं. आणि उतारा व लेख यांतील भेद मुलांस आधीं कोणी समजावून दिलेला नाहीं, अशी एकंदर स्थिति होती.

अशा प्रसंगीं 'आमचीं मुलेंच अप्रामाणिक' असा शेरा मारून मोकळें होण्याचा मोह पडतो. आम्हांस तो शेरा मान्य नाहीं. चोर आपली चोरी लपवितो; या मुलांनीं तर उतारे भर चव्हाट्यावर, आपापल्या खात्यावरून, शिक्षकांनीं पाहावे या अपेक्षेनेंच मांडले. बारा-पंधरा वर्षें ज्या कृत्यास आम्ही शिक्षकांनीं 'अभ्यास' म्हटलें, तेंच त्यांनीं निमूटपणें येथेंही केलें. आणि या बाबतींत शाळेइतकाच घराचाही वांटा आहे. सहावीतल्या मुलास 'प्रकल्प' करावयास सांगितला कीं आई संगणकावरून चार पानें छापून घेते, बाप चित्रें कापून चिकटवितो, मुलगा मुखपृष्ठावर रंगीत अक्षरांत आपलें नांव घालतो, आणि वहीवर 'उत्तम' असा शेरा मिळतो. मजकूर कोणाचा, तो खरा कीं खोटा, आणि मुलानें तो वाचला तरी कीं नाहीं, हे तिन्ही प्रश्न कोणाच्या मनांतही येत नाहींत. दहा वर्षें हा संस्कार झाल्यावर एका दुपारच्या कार्यशाळेनें तो पुसला जाईल, ही आशा व्यर्थ होय.

आतां याच्या उलट एक उदाहरण पाहूं. २००८ सालीं कॅनडांतील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठांत लॅटिन अमेरिकेच्या वाङ्मयाचे प्राध्यापक जॉन बीझ्ली-मरे यांनीं आपल्या एका वर्गास हेंच काम दिलें. विद्यार्थ्यांनीं गट करून त्या वाङ्मयांतील मोजक्या ग्रंथांवर व ग्रंथकारांवर इंग्रजी विकिपीडियांत लेख तयार करावे, आणि सबंध सत्रभर त्यांवरच काम करावें, अशी योजना होती. कोशांतील अनुभवी स्वयंसेवकांचें एक पथक त्यांच्या मदतीस आलें. मदत याचा अर्थ येथें पाठ थोपटणें असा नव्हता. या वाक्यास आधार काय, हा शब्द पक्षपाती कां वाटूं नये, या ग्रंथावर टीकाकारांनीं काय लिहिलें आहे तें कोठें आहे, असे प्रश्न ते विचारीत, आणि मुलांस पुन्हां ग्रंथालयाची वाट धरावी लागे. सत्राच्या अखेरीस त्या वर्गाच्या तीन लेखांस कोशांतील सर्वांत वरचा दर्जा मिळाला व आठ लेखांस त्याच्या खालचा. वरच्या तिहींत ग्वातेमालाचे कादंबरीकार मिगेल आन्हेल आस्तुरियास यांच्या 'एल सेन्योर प्रेसिदेन्ते' या कादंबरीवरील लेख होता, आणि पेरूचे लेखक मारिओ व्हार्गास योसा यांच्यावरीलही होता. २०१० सालीं व्हार्गास योसा यांस नोबेल पारितोषिक जाहीर झालें, तेव्हां 'हे गृहस्थ कोण?' म्हणून कोश उघडणाऱ्या जगभरच्या वाचकांपुढें जो लेख आला असेल, त्याची उभारणी कॉलेजांतल्या मुलांनीं केलेली होती. कोणत्या परीक्षेनें विद्यार्थ्याच्या लेखणीस इतका मोठा वाचकवर्ग मिळवून दिला आहे?

तेथील मुलें आमच्या मुलांहून उपजत शहाणीं होतीं म्हणून हें घडलें, असें मानण्यास आम्हांस कारण दिसत नाहीं. एकीकडे शेंकडों विद्यार्थी व पहिल्या दिवसापासून लेखांची घाई. दुसरीकडे एक वर्ग, मूठभर लेख व एक संपूर्ण सत्र. एकीकडे परक्याची टीका म्हणजे अडथळा. दुसरीकडे तीच टीका हा पाठ. दोन्ही ठिकाणीं कोश एकच, नियमही तेच. निराळी होती ती शिकविण्याची तऱ्हा.

ही तऱ्हा काय असावी हें सांगण्यापूर्वीं विद्यार्थ्यांच्या लेखनाचेच दोन दोष दाखविले पाहिजेत; कारण ते आमच्या वाङ्मयांतलेच जुने दोष आहेत. पहिला दोष अलंकाराचा. खुद्द केतकरांवर लेख लिहावयास सांगितला, तर दहांपैकीं आठ मुलें अशा थाटाचें वाक्य लिहितील: 'ज्ञानकोशकार केतकर हे महाराष्ट्राच्या नभोमंडलांतील एक तेजस्वी तारा होते व त्यांचें नांव यावच्चंद्रदिवाकरौ अजरामर राहील.' या वाक्यांतील केतकरांचें नांव काढून दुसऱ्या कोणत्याही थोर पुरुषाचें घातलें, तरी तें तितकेंच खरें व तितकेंच पोकळ राहतें. आतां हें पाहा: 'श्रीधर व्यंकटेश केतकर (१८८४–१९३७) हे समाजशास्त्रज्ञ, कादंबरीकार व महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे संपादक होते. अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांनीं मिळविली. भारतांतील जातिसंस्थेच्या इतिहासावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९०९ सालीं प्रसिद्ध झाला.' हें लेखन रुक्ष आहे, असें कोणी म्हणेल. पण यांतील प्रत्येक शब्दास कोणी 'कशावरून?' असें विचारलें तर उत्तर देतां येतें, आणि हीं वाक्यें केतकरांखेरीज दुसऱ्या कोणालाही लागूं पडत नाहींत. एखाद्या माणसाविषयींचा आदर त्याचीं कामें नीट मोजून सांगण्यांतही असतो, हें मुलांस या एका उदाहरणावरून पटवितां येईल.

दुसरा दोष वेषांतर केलेल्या उताऱ्याचा. उतारा घेऊं नका असें सांगितलें म्हणजे मुलें वाक्याची चौकट तशीच ठेवून 'मृत्यु' च्या जागीं 'निधन' व 'प्रसिद्ध' च्या जागीं 'सुविख्यात' घालतात, आणि लेख आपला झाला असें समजतात. शब्द बदलले, पण समजूत काडीचीही वाढली नाहीं. यावर उपाय जुनाच आहे. तीन ठिकाणचा मजकूर वाचावा, पुस्तकें मिटावीं, मनांत जें उरलें तें साध्या भाषेंत लिहावें, आणि मग पुस्तकें पुन्हां उघडून नांवें व सालें ताडून पाहावीं. ज्याला पुस्तक मिटल्यावर एकही वाक्य लिहितां येत नाहीं, त्याला तो विषय अजून समजलेला नाहीं, एवढेंच यावरून ठरतें.

येथें उताऱ्याच्या कायदेशीर बाजूविषयींही दोन शब्द सांगणें अवश्य आहे, कारण सुशिक्षित घरांतूनही याविषयीं घोटाळा आढळतो. 'मराठी विश्वकोश' आज संगणकावर कोणासही मोफत वाचतां येतो. म्हणून तो उतरून घेण्यासही मोकळा आहे असें नव्हे. वाचण्याची मुभा निराळी व प्रताधिकार निराळा. उलट केतकर १९३७ सालीं वारले. आपल्या कायद्याप्रमाणें लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनीं त्याच्या ग्रंथावरील प्रताधिकार संपतो, तेव्हां त्यांचें स्वतःचें लेखन आतां सर्वांचें झालें आहे. पण त्यावरून तेंच आजच्या कोशांत ओतावें असेंही होत नाहीं. शंभर वर्षांपूर्वींची गांवाची लोकसंख्या व राज्यव्यवस्था आजची म्हणून दिली, तर कायदा मोडला जात नाहीं, परंतु वाचक मात्र फसतो.

मग करावें काय? आमच्या मतें वर्ग लहान असावा, वीस-पंचवीसांचा. आणि काम एका दुपारचें नसून एका सत्राचें असावें. पहिले दोन आठवडे विद्यार्थ्यानें कांहींएक लिहूं नये. त्यानें कोशांतील एक विद्यमान लेख घ्यावा, त्यांतील प्रत्येक विधानापुढें 'हें कशावरून?' असा प्रश्न मांडावा, आणि दिलेल्या आधारांपैकीं एक तरी ग्रंथ ग्रंथालयांतून काढून, लेखांत म्हटलें आहे तें त्या पानावर खरोखर आहे काय, हें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहावें. या एका व्यायामानें जितकें शिक्षण होतें, तितकें चार व्याख्यानांनीं होत नाहीं. त्यानंतर लहान दुरुस्त्या: एखादें चुकलेलें साल, एखादें मोडकें वाक्य, 'संदर्भ हवा' असा शेरा पडलेल्या जागीं एक खरा संदर्भ. मग धूळपाटी. पंतोजींच्या शाळेंत पाटीवर धूळ पसरून मुलें अक्षरें गिरवीत. चुकलें तर हात फिरवावा कीं पाटी कोरी. त्याच रीतीनें येथें एक परिच्छेद लिहावा, किमान तीन आधारांवर. तो शेजारच्या विद्यार्थ्यानें मूळ पुस्तकें हातांत घेऊन तपासावा. मग लेखाच्या चर्चापानावर आपला विचार मांडावा, आणि कोणी हरकत घेतल्यास तिला उत्तर द्यावें. इतकें झाल्यावर तो परिच्छेद लेखांत जावा. आणि महिन्यानें विद्यार्थ्यानें परत येऊन पाहावें कीं, आपल्या वाक्यांचें परक्यांनीं काय केलें, व कां केलें.

गुण कशास द्यावे, हाही प्रश्न महत्त्वाचा आहे. लेखांच्या संख्येवर वा शब्दांच्या भरतीवर गुण ठेवले, तर कोशांत कचरा पडणार. लिहिलेला मजकूर कोशांत टिकला तरच गुण, असा नियम केला, तर विद्यार्थी परक्या स्वयंसेवकांशीं हमरीतुमरीवर येणार. कारण ज्याला ते दुरुस्ती म्हणतात, ती त्याला आपल्या निकालावरील घाला वाटेल. आधारांचीं टिपणें, चर्चेंतील वर्तन व शेवटचा परिच्छेद कसा सुधारत गेला याचा आलेख, यांस गुण द्यावे. हें सर्व 'इतिहास' पानावर तारीखवार दिसतें. शिक्षकास इतका स्वच्छ पुरावा दुसऱ्या कोणत्याही लेखनप्रकारांत मिळत नाहीं. अमेरिका व कॅनडा येथें अशा वर्गांस साहाय्य करण्यासाठीं 'विकी एज्युकेशन' नांवाची निराळी संस्था काम करते. लेख पारखणें, धूळपाटीवर मसुदा करणें, परस्परांचें लेखन तपासणें या क्रमानेंच ती वर्गांस नेते. मात्र एक अट आहे: शिक्षकानें प्रथम स्वतः दहा-वीस संपादनें करून, एकदोनदां स्वतःचें वाक्य परक्यानें खोडल्याचा अनुभव घेतलेला असावा. पाण्यांत न उतरलेल्या माणसानें कांठावरून पोहणें शिकविलें, तर पुण्याच्या प्रकरणाची पुनरावृत्ति व्हावयाची.

या विचारावर आक्षेप येतील, त्यांतील तीन घेऊं. पहिला असा कीं, जो कोश कोणीही बिघडवूं शकतो, त्यापासून मुलांस दूर ठेवणेंच बरें. २००७ सालीं अमेरिकेंतील मिडलबरी कॉलेजच्या इतिहास विभागानें विद्यार्थ्यांनीं आपल्या निबंधांत विकिपीडियाचा आधार देऊं नये, असा ठराव केला होता. जपानांत १६३७-३८ सालीं झालेल्या शिमाबाराच्या बंडास जेझुइट पाद्र्यांनीं साहाय्य केलें, असें चुकीचें विधान एका वर्गांतील कित्येक मुलांनीं त्या कोशावरून लिहिलें होतें. ठराव योग्यच होता. कोणत्याही कोशास संशोधनाचा अंतिम आधार मानूं नये, असें तो कोशही सांगतो. पण त्या विभागानें कोश वाचण्यास बंदी केली नव्हती. आम्ही याच्यापुढें एक पाऊल जाऊन म्हणूं कीं, ज्या विद्यार्थ्यास अशी चूक सांपडली, त्यानें ती आधारासह दुरुस्त करावी. चुकीचें विधान निबंधांतून वगळल्यानें एक निबंध शुद्ध होतो. कोशांत दुरुस्त केल्यानें पुढच्या सर्व वाचकांचें काम होतें.

दुसरा आक्षेप आजच्या काळाचा. आतां यंत्र इंग्रजी लेखाचें मराठी क्षणांत करून देतें, आणि विचारलेल्या विषयावर नवा लेखही लिहून देतें. मग मुलांनीं एवढा खटाटोप कां करावा? यंत्राची चलाखी आम्हांस दिसते. पण तें पुष्कळदां न लिहिलेल्या ग्रंथांचीं नांवें आधार म्हणून बेधडक देतें, आणि त्याची भाषा इतकी गुळगुळीत असते कीं चुकीवर बोट ठेवणें कठीण जातें. इंग्रजी विकिपीडियास २०२५ सालीं, माणसाच्या नजरेखालून न गेलेले असले यंत्रलेख झटपट काढून टाकण्यासाठीं नियमच करावा लागला. यंत्राचें वाक्य खरें कीं खोटें, हें ठरवावयास ज्याला पुस्तक उघडून पाहण्याची संवय आहे असाच माणूस लागतो. तेव्हां यंत्रामुळें या शिक्षणाची गरज कमी झालेली नाहीं. ती वाढली आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. छापील आधाराचा आग्रह धरला, तर ज्या गोष्टींवर मराठींत कोणी ग्रंथच लिहिला नाहीं, त्या कोशांत कधीं यावयाच्या? गांवची जत्रा, बलुतेदारांचीं हत्यारें, घाटावरचीं व कोंकणांतलीं पक्वान्नें यांचें ज्ञान विद्यार्थ्याच्या आजीपाशीं आहे, पुस्तकांत नाहीं. हा प्रश्न आमच्याच मनांत आला आहे असें नाहीं. २०११ सालीं भारत व दक्षिण आफ्रिका येथें तोंडी माहिती ध्वनिमुद्रित करून तिचा आधार देण्याचा प्रयोगही कांहीं मंडळींनीं केला होता. आम्हांस वाटतें, येथें दोन कामें निराळीं ठेवावीं. आजीचें ज्ञान टिपून, तिच्या नांवानिशीं एखाद्या मासिकांत वा लोकसंस्कृतीवरील संग्रहांत प्रसिद्ध करावें. तें झाल्यावर कोशानें त्याचा आधार घ्यावा. आणि त्याआधीं, छापलेलें तरी आपण पाहिलें आहे काय? मुंबई इलाख्याचीं गॅझेटियरें, महाराष्ट्र शासनाचीं जिल्हा गॅझेटियरें, जुन्या मासिकांच्या बांधलेल्या संचिका, ग्रंथसूची यांवरील धूळ आमच्या कित्येक महाविद्यालयांत कोणी झाडलेली नसते. आधार नाहीं या तक्रारीचा बराच भाग आधार शोधला नाहीं असा निघतो.

आतां शेवटचा मुद्दा पालकांसाठीं. या कामांत मुलास पैसा मिळत नाहीं, लेखावर त्याचें नांव झळकत नाहीं, आणि आज लिहिलेलें वाक्य उद्यां दुसरा कोणी बदलूं शकतो. मग त्याला लाभ काय? लाभ हा कीं, ज्यानें एकदां तरी एका वाक्याचा माग मूळ पानापर्यंत काढला, तो पुढें वर्तमानपत्र, पुढाऱ्याचें भाषण व भ्रमणध्वनीवर येऊन पडणारे निरोप निराळ्या नजरेनें वाचूं लागतो. 'असें म्हणतात' आणि 'असें आहे' यांत अंतर असतें, हें त्याला कळूं लागतें. भिन्न मताच्या अनोळखी माणसाशीं चर्चापानावर शिवीगाळ न करतां वाद घालावयासही तो शिकतो. आणि हा गुण आजच्या महाराष्ट्रांत किती दुर्मिळ झाला आहे, हें आम्हीं सांगावयास नको.

आमच्या भाषेस २०२४ सालीं अभिजात म्हणून मान्यता मिळाली, त्याचा सर्वांस आनंद झाला. पण भाषेची थोरवी तींत पूर्वीं काय लिहिलें गेलें यावर जितकी अवलंबून आहे, तितकीच आज तिच्यांत विचारलेल्या साध्या प्रश्नास खरें उत्तर मिळतें कीं नाहीं यावरही आहे. एका दुपारीं साठ लेख पाडण्यापेक्षां एका सत्रांत वीस मुलांनीं वीस खरे परिच्छेद लिहावे, आणि प्रत्येक परिच्छेदाखालीं ज्या पुस्तकाचें नांव आहे तें त्यांनीं खरोखर उघडलेलें असावें. शिक्षकबंधूंनीं पुढल्या पंधरवड्याची आंखणी करतांना, आणि पालकांनीं मुलाचा पुढला 'प्रकल्प' हातीं घेतांना, एवढी एक गोष्ट मनावर घ्यावी, अशी आमची त्यांस विनंति आहे.